शब्दचर्चा : समुद्राच्या पाण्यात क्षार की लवण?

चिंचपाणी : मुलगी नववीत, मराठी माध्यम. भूगोलात तिला 'सागरजलाची क्षारता, सरासरी दर हजारी 35' असं आहे. शेजारचा मुलगा हिंदी माध्यमात, त्याच्याकडे तेच 'लवणता'. वर तो हिला सांगतो, "क्षार म्हणजे साबणासारखं बुळबुळीत, लाल लिटमस निळा करणारं." पोरगी गोंधळली, मीही. समुद्र नेमका कशाने खारट, क्षाराने की लवणाने?

जुनी वही : दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर. आपण शाळेत आम्ल, आम्लारी आणि क्षार शिकतो. हिंदीवाले अम्ल, क्षारक आणि लवण. म्हणजे त्यांचं लवण तो आपला क्षार, आणि त्यांचा क्षार आपल्या आम्लारीत मोडतो.
मूळ संस्कृत 'क्षार' मात्र हिंदीच्या बाजूने साक्ष देतो. आयुर्वेदात वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळून आटवायची. उरतो तो क्षार. आपल्या पापडखारात तो अर्थ अजून जिवंत आहे. पण लोणच्याचा 'खार' म्हटलं की मिठाचं पाणी! एकाच शब्दाला घरातल्या घरात दोन अर्थ चिकटलेत.
'लवण' तर आपण पुस्तकात ठेवलं नाही, स्वयंपाकघरात ठेवलं. शेंदेलोण, पादेलोण, लोणचं, सगळी त्याचीच पिल्लं. अळणी म्हणजेही अ-लवण.

खाडीकाठ : आमच्या उरणकडे क्षारही नाही नि लवणही नाही. खारं पाणी, गोडं पाणी आणि विहिरीला मधलं लागलं तर मचूळ. बस्स.
आजोबांचं मिठागर होतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत फिरवत आटवायचं. आधी तळाला पांढुरकी खर धरते, ती मीठ नव्हे. पाणी चांगलं दाट झालं की मग दाणा पडतो. दाणा ओढून घेतल्यावर जे तेलकट पाणी उरतं ते सोडून द्यायचं. लहानपणी मी त्यात बोट बुडवून चाखलं होतं, खारट नाही, कडूजहर! ते आटू दिलं तर मीठही कडवट होतं आणि पावसाळ्यात गोणीला पाझर फुटतो. त्या कडू पाण्याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?

लिटमस : खाडीकाठ, तुम्ही समुद्राचं अख्खं पृथक्करण सांगून टाकलंत. आधी बसते चुनखडी आणि जिप्सम, म्हणजे कॅल्शियम. मग साधं मीठ. शेवटच्या कडू पाण्यात मॅग्नेशियम. तेच हवेतली ओल ओढतं. म्हणून 'लवणे' किंवा 'क्षार' असं अनेकवचनच हवं, नुसतं 'मीठ' अपुरं पडतं.
आता 'कशाने खारट'. नद्या खडक झिजवून क्षार आणतात हे उत्तर खरं, पण अर्धं. नदीच्या पाण्यात बहुधा कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त. समुद्रातल्या क्षारांत क्लोराइड 55 टक्के, सोडियम 30 च्या वर. नदी आटवून समुद्र होत नाही. क्लोरिन मुख्यतः ज्वालामुखींच्या वायूंतून आलं. कॅल्शियम शंख-शिंपले आणि प्रवाळ काढून घेतात. मॅग्नेशियम समुद्रतळाच्या गरम खडकात मुरतं. तिथले उष्ण झरे 1977 साली गॅलापागोसजवळ प्रत्यक्ष दिसले. सोडियम-क्लोराइडला फारसं गिऱ्हाईक नाही, ते कोट्यवधी वर्षं पाण्यातच राहतं.
इथेच आयरिश भूवैज्ञानिक जॉन जोली फसला. 1899 मध्ये त्याने समुद्रातलं एकूण सोडियम भागिले नद्या दरवर्षी आणतात ते, असं करून समुद्राचं वय 8-9 कोटी वर्षं काढलं. खरं वय त्याच्या कितीतरी पट, अब्जांत. भागाकार ठीक होता, पण वहीत फक्त आवक होती, जावक मांडलीच नव्हती.

जुनी वही : जावकीचा एक नमुना आपल्या उपासाच्या ताटात असतो. शेंदेलोण म्हणजे सैंधव, सिंधकडचं. 2025 मध्ये आयात बंद होईपर्यंत ते मुख्यतः पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतून यायचं, आणि ती खाण म्हणजे आटलेला प्राचीन समुद्रच.

काळी माती : शेतीतला घोळ राहिला. ज्या जमिनीवर पांढरे क्षार फुलून येतात ती क्षारपड. जिच्यात सोडियम मातीलाच चिकटून बसतं, सामू (pH; 7 च्या वर म्हणजे आम्लारीकडे झुकलेला) 8.5 च्या वर जातो आणि पाणी मुरत नाही, ती चोपण. दोन्हींचा उपाय वेगळा, तरी गावात सरसकट 'खारवट' म्हणून मोकळे.
आणि लोणार बघा! नाव लवणावरून, लवणासुराची कथा त्यावरच. पाण्यात मिठाबरोबर सोडाही आहे, सामू 10 च्या आसपास. नाव लवणाचं, गुण संस्कृत क्षाराचा.

चिंचपाणी : मग समुद्र त्या हिंदी अर्थाने क्षारीय नाही ना?

लिटमस : किंचित आहे, सामू साधारण 8.1. पण दर हजारी 35 चा त्याच्याशी संबंध नाही. तिने पेपरात निर्धास्त 'क्षारता' लिहावं.

जुनी वही : एक मात्र सांगतो चिंचपाणीताई, समुद्र खारा, खारट नव्हे. खारट होते ती आमटी, हात चुकला की.

खाडीकाठ : एकदा गटांगळी खा वहीकाका, मग सांगा.