न्यूटन, केपलर, लमेत्र... या श्रद्धाळू शास्त्रज्ञांचं नक्की काय समजायचं?

सहज_विचारलं:
मंडळी, एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. आपण कायम ऐकत आलो की चर्चने गॅलिलिओला छळलं, विज्ञान एकीकडे, धर्म दुसरीकडे, विषय संपला. आता जरा वाचायला घेतलं तर कोपर्निकस चर्चच्याच नोकरीत, मेंडेल मठातला, न्यूटनने बायबलवर ढीगभर लिहून ठेवलंय, आणि बिग बँगच्या कल्पनेचं मूळ ज्याच्याकडे जातं तो लमेत्र तर चक्क पाद्री! मग यांच्या श्रद्धेचा शोधाशी काही संबंध होता का, की आठवडाभर विज्ञान आणि रविवारी देव असा कारभार होता? भांडण नकोय, खरंच उत्सुकता आहे.

शंकासुर:
यादी बघून लगेच भारावून जाऊ नका. त्या काळच्या युरोपात जवळपास सगळेच ख्रिश्चन, मग शास्त्रज्ञही तेच असणार ना! आणि नसल्यास परवडायचंही नाही. न्यूटनचंच घ्या. कॉलेजचं नाव ट्रिनिटी, आणि या बाबाला पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्यच मान्य नव्हतं. फेलो म्हणजे कॉलेजचा कायम सदस्य म्हणून टिकायचं तर पाद्र्याची दीक्षा घ्यावी लागायची, १६७५ मध्ये राजाकडून सूट मिळाली म्हणून सुटला, पण मत जन्मभर झाकूनच ठेवलं. त्याच्या जागी प्राध्यापक म्हणून आलेल्या विल्यम व्हिस्टनने तशीच मतं उघड मांडली तर १७१० मध्ये त्याला केंब्रिजमधून हाकललं. गॅलिलिओ १६३३ च्या शिक्षेनंतर १६४२ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत. हे सगळं विसरून नुसती नावं मोजण्यात काय अर्थ आहे?

दुर्बीणवाली:
शंकासुर, नावं मोजण्याबद्दल +१. पण श्रद्धा फक्त नोकरी टिकवण्यापुरती होती असं म्हणाल तर केपलर आडवा येतो. हा माणूस पाद्री व्हायलाच निघालेला, ट्युबिंगेनला धर्मशास्त्र शिकत होता. देवाने विश्व भूमितीच्या नियमाने रचलंय आणि आपल्याला ते कळू शकतं, यावर त्याचा इतका विश्वास की त्या जोरावर १५९६ मध्ये त्याने ग्रहांच्या कक्षा भूमितीतल्या पाच नियमित घनाकृतींमध्ये (सगळ्या बाजू सारख्या असलेले घन, टेट्राहेड्रॉन वगैरे) बसवून दाखवल्या. सुंदर कल्पना, साफ चूक.

खरी मजा मंगळाची कक्षा काढताना आली. वर्तुळाकार कक्षा धरून बरीच वर्षं आकडेमोड केली आणि शेवटी टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी ८ कलांचा फरक उरला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, तेव्हा ८ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण पाव भाग, दुर्बीण नसताना! दुसरा कोणी असता तर "चालतंय की" म्हणून सोडून दिलं असतं. केपलर काय लिहितो, तर देवाने कृपा करून आपल्याला टायकोसारखा काटेकोर निरीक्षक दिलाय, मग हा फरक दुर्लक्षून कसं चालेल. आणि वर्तुळ गेलं, १६०९ मध्ये लंबवर्तुळ आलं. आता बोला, आठवडा कुठे आणि रविवार कुठे?

अवांतर: एवढं करून त्याच्याच लुथरन चर्चने त्याला प्रभुभोजनाला (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) बसू दिलं नाही, कारण त्यांच्या धर्ममतांच्या मसुद्यावर तो सरसकट सही करेना.

शंकासुर:
केपलरचं मान्य, बंदा हट्टी होता. पण तोच देव न्यूटनच्या हातात कसा आला बघा. ग्रह एकमेकांना ओढतात, त्याने कक्षा हळूहळू बिघडणार, तर न्यूटन म्हणाला अधूनमधून देवाला दुरुस्ती करावी लागेल. त्याच्याच काळातल्या जर्मन गणिती लाइबनिट्झने यावर भरपूर टोमणे मारले, की तुमचा देव काय, आपलंच घड्याळ सारखं दुरुस्त करत बसणारा कारागीर! पुढे फ्रेंच गणिती लाप्लासने गणिताने दाखवलं की गुरू आणि शनीच्या गतीत दिसणारी गडबड साधारण ९०० वर्षांच्या चक्रात आपोआप भरून निघते. म्हणजे जिथे गणित थांबलं तिथे देव बसवला, आणि गणित पुढे सरकल्यावर देवाला उठावं लागलं. माझा आक्षेप या सवयीला आहे.

सहज_विचारलं:
भारी! मग लमेत्रने पण तेच केलं असणार ना? विश्वाला सुरुवात आहे म्हणजे देवाने निर्माण केलं, पाद्री असल्यावर सरळच आहे.

दुर्बीणवाली:
उलट! १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावतंय हा पेपर आला तेव्हा आइनस्टाइन त्याला म्हणाला की गणित बरोबर आहे पण फिजिक्स भयंकर. पुढे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलसारख्या नास्तिकालाही विश्वाला सुरुवात होती या कल्पनेत धर्माचा वास यायचा ("बिग बँग" हे नाव हॉइलनेच १९४९ मध्ये रेडिओवर दिलं, स्वतः विरोधात असून). त्यात १९५१ मध्ये पोप बारावे पायस भाषणात म्हणाले की विज्ञान आता निर्मितीच्या क्षणाची साक्ष देतंय. लमेत्रला आनंद व्हायला हवा होता की नाही? तो अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं साधं होतं, ही भौतिकशास्त्रातली कल्पना आहे, उद्या चुकीचीही ठरेल, तिच्यावर श्रद्धा टेकवू नका आणि तिला श्रद्धेने तोलूही नका. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. शंकासुर, तुमचा आक्षेप एका पाद्र्याने पोपच्याच बाबतीत घेतला होता बघा.

शंकासुर:
हा माणूस आवडला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने हबलच्या नियमाला (आकाशगंगा जितकी लांब तितक्या वेगाने दूर जाते) हबल-लमेत्र म्हणायची शिफारस केली ते बरंच झालं.

वाटाण्याची_शेंग:
उशिरा आले, पण मेंडेल राहिलाच की. त्याच्या १८६६ च्या पेपरात देव शोधायला जाल तर फक्त वाटाणे सापडतील, गोल, सुरकुतलेले, पिवळे, हिरवे आणि त्यांचं ३:१ प्रमाण. तिथे श्रद्धेपेक्षा मठ महत्त्वाचा. मठानेच त्याला व्हिएन्नाला शिकायला पाठवलं, बाग दिली, हजारो रोपं लावायला वेळ दिला. आणि मठानेच तो वेळ परतही घेतला, १८६८ मध्ये मठाधिपती केल्यावर कारभार गळ्यात पडला आणि नंतर मठावरच्या करावरून सरकारशी जे भांडण लागलं ते मरेपर्यंत पुरलं, वाटाणे गेले बाजूला.