मदत हवी आहे : महामार्गावर भरलेला ट्रक थांबवताना काय करता?

गस्तीवर नवीन आहे. कार थांबवणं जमतं, ट्रकचं गणितच वेगळं. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर, त्यात एअर ब्रेकची पकड यायलाही क्षणभर जातो. त्यामुळे समोर उभं राहून हात दाखवायचा नाही, एवढं कळलंय. (एकदा केलं. पुन्हा नाही!)

आता मागून दिवे लावतो, पण ट्रेलरला चिकटून राहिलं की आरशात आपण दिसतच नाही. म्हणून थोडं बाजूला सरकतो.

अडचण पुढची आहे. कडेची पट्टी अरुंद असेल, तर तिथेच थांबवता की पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत नेता? वाटेत पळाला तर? आणि केबिन इतकी उंच, की ड्रायव्हरचे हात दिसत नाहीत. त्याला खाली बोलावता, की रहदारीच्या पलीकडच्या बाजूने स्वतः जाता?

अनुभवी मंडळींनी सांगावं.