प्रश्न फक्त उशिराचा नव्हता

बार्न्स अँड नोबल ही अमेरिकेतली पुस्तकांच्या दुकानांची मोठी साखळी. ती ई-पुस्तकांत उशिरा उतरली म्हणून मागे पडली, असं म्हणतात. मला हे पटत नाही. त्यांचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, नूक, २००९च्या अखेरीस आलं, ॲमेझॉनच्या किंडलनंतर दोनच वर्षांनी. शिवाय १९९८मध्ये रॉकेट ईबुक हे तसलंच सुरुवातीचं यंत्र काढणाऱ्या कंपनीत त्यांनी पैसे गुंतवले होते आणि २००३मध्ये ई-पुस्तकं विकणं स्वतःहून थांबवलं होतं. म्हणजे ते आधी आले होते, टिकले नाहीत.

खरी अडचण धंद्याच्या रचनेत आहे. दुकानात आलेला माणूस एक पुस्तक घ्यायला येतो आणि मासिक, दिनदर्शिका, पोरांसाठी चित्रांचं पुस्तक असं काहीबाही घेऊन जातो. भाडं आणि पगार त्यातूनच निघतात. त्याच गिऱ्हाइकाला नूक विकलं की तो पुढचं पुस्तक घरबसल्या घेणार. दुकानाचा खर्च मात्र तेवढाच. वर यंत्र, सॉफ्टवेअर, जाहिरात यांचा भार वेगळा. ॲमेझॉनला हा तोटा इतर विक्रीतून सोसता येत होता, यांच्याकडे तसं दुसरं काही नव्हतं. २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टने ३० कोटी डॉलर घातले, तरी २०१४मध्ये ती भागीदारी मोडली.

बॉर्डर्स या अमेरिकेतल्याच दुसऱ्या पुस्तकदुकानांच्या साखळीचं तर फार वाईट वाटतं. २००१मध्ये त्यांनी आपली ऑनलाइन विक्री ॲमेझॉनकडेच सोपवली आणि २००८पर्यंत तशीच ठेवली. वाचक ऑनलाइन काय शोधतो, काय घेतो, ही सगळी ओळख इतकी वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जमा होत गेली. २०१०मध्ये कोबो या ई-पुस्तकं विकणाऱ्या कंपनीच्या मदतीने ई-पुस्तकं सुरू केली, पण तोवर कर्ज डोईजड झालं होतं. २०११मध्ये सगळी दुकानं बंद झाली.