स्क्रू-ड्रायव्हर घालून टीडीसी शोधायचा सल्ला देऊ नका

झेनवाला:
काल इथे एकाने लिहिलं, "पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात लांब स्क्रू-ड्रायव्हर सोडा, क्रँक फिरवा, सगळ्यात वर आला की टीडीसी. चढवा टायमिंग बेल्ट." वाचून राहवलं नाही. टीडीसी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा; टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टनने फिरणारा क्रँक नि वॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारा दातेरी पट्टा. टीडीसीच्या अलीकडे-पलीकडे ५ अंशांत पिस्टन मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकाही हलत नाही. हातातल्या दांडीला ते काय कळणार? त्यात भोक तिरकं असेल तर पिस्टनच्या डोक्यावर ओरखडे. खुणा दिल्यात त्या जुळवा, क्रँकची आणि कॅमची.

गॅरेजवाला:
तो सल्ला माझाच. क्रँकच्या पुलीला २० दाते धरा, म्हणजे एक दात १८ अंशांचा. ५ अंश चुकलो तरी दात चुकत नाही. आणि बाहेरच्या पुलीतलं रबर सुटलं की कडं सरकतं. मग तुमची खूणच खोटी.

झेनवाला:
मी आतल्या दातेरी पुलीच्या खुणेबद्दल बोलतोय. बेल्ट तिच्यावर बसतो. हे मला सांगावं लागतंय?

जुना सिटीवाला:
खुणांचंही कौतुक नको. माझ्या जुन्या होंडा सिटीच्या पुलीवर पांढरी खूण टीडीसीची, लाल इग्निशन टायमिंगची, म्हणजे ठिणगी पडते तिथली. गॅरेजात लाल धरली, एक दात चुकला. गाडी सुरू व्हायची, पण कात्रजच्या चढाला दम तोडायची. तीन महिने प्लग बदला, इंजेक्टर साफ करा, म्हणत पैसे काढले. हे इंजिन घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरतं, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. जुना बेल्ट मागितला तर "फेकला"! पैसे मी भरलेत, जुना माल माझ्या हातात द्यायलाच हवा.

गॅरेजवाला:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी जुना बेल्ट डिकीत ठेवूनच गाडी देतो.

अल्टोवाला:
मुद्दा राहिला बाजूला. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा हवा दाबताना (कॉम्प्रेशन), एकदा धूर बाहेर टाकताना (एक्झॉस्ट). प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा. हवा ढकलली तर कॉम्प्रेशनचा टीडीसी. एक्झॉस्टचा धरलात तर वॉल्व्ह वाकले म्हणून समजा.

झेनवाला:
साफ चूक. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. बेल्ट निघाला की क्रँकला कॉम्प्रेशन काय नि एक्झॉस्ट काय, दोन्ही सारखेच. कोणता स्ट्रोक ते कॅम ठरवतो.

अल्टोवाला:
आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग, काढून परत बसवताना? तेव्हा अंगठाच लागतो ना?

झेनवाला:
तेव्हा लागतो. बेल्टसाठी नाही.

फिगो डिझेल:
आमच्या १.४ ला स्पार्क प्लगच नाही. फ्लायव्हीलला, म्हणजे क्रँकच्या टोकाच्या जड चाकाला, जागेवर अडकवायची एक पिन, कॅमच्या पुलीला एक. पिन बसली नाही तर बेल्टला हात लावायचा नाही.

गॅरेजवाला:
बरं, स्क्रू-ड्रायव्हरच्या जागी प्लास्टिकची स्ट्रॉ म्हणायला हवं होतं, तेवढं घेतो मागे. पण बेल्ट चढवल्यावर हाताने दोन पूर्ण फेरे देऊन खुणा पुन्हा बघायच्या, मगच चावी. एवढ्या भाषणात ते तुम्ही कुठे लिहिलंत?

झेनवाला:
नाही लिहिलं, लिहायला हवं होतं. फिरवताना मध्येच अडलं तर पान्यावर जोर करायचा नाही, हेही.