कच्च्या रेघेतला जीव पक्क्या चित्रात टिकवायचा तर

‘कच्च्या रेखाटनातली मजा पक्क्या चित्रात उरत नाही’ असं चित्र काढणारे अनेकदा म्हणतात, आणि ते मला पटतं. पण दोष रंगांचा नसतो, गिरवण्याचा असतो. लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या गिरवायच्या पाटीवर) कच्ची रेघ जशीच्या तशी गिरवली की हात नुसत्या मनगटातून, भीत भीत चालतो. खालचं रेखाटन मी फक्त जागा ठरवायला ठेवते. रेघ नव्याने, खांद्यातून ओढते.

वाईचा ढोल्या गणपती घ्या. देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. हे कारण डोक्यात नसेल तर कागदावर ती भिंत नुसती वाकडी दिसते. म्हणून घाटावर बसून आधी काड्यापेटीएवढे चौकोन आखायचे आणि त्यात फक्त उजेड-सावली भरायची, तपशील अजिबात नाही. जो चौकोन लांबूनही ओळखू येतो, तोच मोठा करायचा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

पुढचं त्यामानाने सरळ. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कागद, वॉटरप्रूफ शाई (साधी शाई पहिल्याच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या थरात, पसरते), मग फिक्याकडून गडदाकडे. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, त्यामुळे पायऱ्यांवरचं ऊन आधीच राखून ठेवावं लागतं.

आणि साताऱ्याकडच्यांनी औंधचं श्रीभवानी संग्रहालय जरूर पाहा. ते उभारणारे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. राजा रवि वर्मा, एम. व्ही. धुरंधर या चित्रकारांची मूळ चित्रं तिथे आहेत. छपाईत हरवणारे ब्रशचे फटकारे जवळून बघता येतात.