शामरावनगरकरांनो, आपलं घर कसं उभं राहिलं ते लिहा

बाबांच्या कपाटात जुना स्टॅम्पपेपर सापडला. दीड गुंठा, म्हणजे सुमारे 1,633 चौरस फूट. पूर्वेस शाळवाचं (रब्बी ज्वारीचं) रान, दक्षिणेस नियोजित रस्ता. तो रस्ता माझ्या लहानपणी नुसता चिखल होता. सांगलीच्या इतिहासात संस्थान येतं, गणपती मंदिर येतं, हळदीचा बाजार येतो. आपली गुंठेवारी, म्हणजे गुंठा-गुंठा विकलेल्या रानावरची ही वस्ती, कशी वसली हे कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. भाड्यानं राहिलेल्यांनीही लिहा.

1991 पासून इथंच
आमचे हे हळदीच्या अडतीवर दिवाणजी. विश्रामबागेत जागा घेणं झेपणारं नव्हतं. इथं रान गुंठ्यावर विकायला निघालं होतं. शेताचे लहान तुकडे करून विकायला 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी, त्यामुळं रीतसर खरेदी होईना, नुसती नोटरी. सातबाऱ्यावर नाव नाही, मग बँक कर्ज कुठली देते! माझ्या पाटल्या मोडल्या, दोन खोल्या बांधल्या, वर पत्रा घातला. पावसाळ्यात मडगार्डात काळी माती बसली की सायकल खांद्यावर घ्यायची. पोरं चपला पिशवीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत अनवाणी जायची, तिथं बाटलीतल्या पाण्यानं पाय धुवायची आणि मग शाळा.

गवंडीकाम, तीस वर्षं
ह्या भागातली कितीतरी जोती माझ्या हातची आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत खोदा म्हणून सांगायचो. ज्यांच्याकडं पैसे नव्हते त्यांनी वरच पाया घेतला, त्यांच्या भिंती तडकल्या. घर कधीचं ते मी जोत्यावरनं सांगतो. सुरुवातीची दीड फुटाची, 2005 च्या पुरानंतरची तीन-चार फुटांची, 2019 नंतर खाली पार्किंग न् वर घर. ज्यानं त्यानं आपल्या प्लॉटात ट्रॉल्यांनी भर टाकली, रस्ताही वर आला, आणि पाणी शिरलं शेजारच्या जुन्या घरात. वरच्या काकू, तुमच्यासारख्यांच्या घरात आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. त्यातली बरीच भर मीच टाकलीय. जिवाला लागतं ते.

सध्या पुण्यात
ऑगस्ट 2019. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 45 फूट पाणी म्हणजे धोका, हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. त्या वेळी आकडा 57 च्या वर गेला. नदी समोरून आलीच नाही, नाल्यातून उलटी आली. आजोबांनी घर सोडताना कपडे घेतले नाहीत, गुंठेवारीची फाईल तेवढी छातीशी धरली. 2001 च्या कायद्यानं जुने प्लॉट नियमित व्हायला लागले, तेव्हा चार हेलपाटे घालून मिळवलेलं प्रमाणपत्र होतं त्यात. दागिने माळ्यावरच राहिले.

भाडेकरू, सहा वर्षं
आमचं काहीच नव्हतं इथं. तरी पाणी ओसरल्यावर शेजारच्या मावशींनी पहिला स्टोव्ह आमच्या खोलीत पेटवला, कारण माझं बाळ तीन महिन्यांचं होतं.

ज्यांचं रान होतं त्यांच्यातला
लिहू का नको, दोन दिवस विचार केला. चार एकर होतं आमचं, म्हणजे 160 गुंठे. बहिणींची लग्नं, विहिरीचं कर्ज, म्हणून वडिलांनी विकलं. विहीरही बुजवली, आज तिच्यावर कुणाचं तरी अंगण आहे. आमचा आज्जा त्या रानात पावसाळी पीक कधीच घेत नव्हता. पाऊस सरला, पाणी हटलं, की वाफशावर शाळू पेरायचा. गुडघाभर पाणी आम्ही दर वर्षी बघत होतो. वडील माणसांना प्लॉट दाखवायला न्यायचे ते एप्रिल-मेमध्ये. मीच दोरी धरून चुन्याच्या रेघा मारल्यात, तेव्हा नववीत होतो. काकू, तुमचा प्लॉट कुठला ते कळवा. मला येऊन भेटायचंय.