मदत हवी आहे: पिंग जात नाही, माणसं खोळंबली आहेत

सेतू_दारव्हा
सकाळपासून नेट येऊन-जाऊन रायलं. साइट उत्तर देते का पाहायला पिंग मारलं, चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. राउटर तीनदा बंद-चालू केला. ओट्यावर पंधरा-वीस जण बसून आहेत, पीक विम्याचे अर्ज भरायचे आहेत. एक आजी तर पहाटेच्या एसटीनं आली. लवकर सांगा राजेहो.

खडूफळा
पिंग कशाला मारलं? राउटरला की साइटला? विंडोजच नं? वायफाय का केबल?

सेतू_दारव्हा
विंडोज. विम्याच्या साइटला.

आठचार
डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा, बदला, गूगलचा ८.८.८.८ टाका. माझं असंच झालं होतं, मिनिटात सुटलं.

खडूफळा
भाऊ, डीएनएस बिघडला तर नावच सापडत नाही, 'कुड नॉट फाइंड होस्ट' येतं. इथं नाव सापडलं, उत्तर येत नाही. आणि बऱ्याच साइट पिंगला उत्तर देतच नाहीत, ब्राउझरमध्ये मात्र उघडतात. म्हणून सुरुवात घरातून करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' लिहा, डीफॉल्ट गेटवेसमोरचा आकडा घ्या, तो तुमच्या राउटरचा पत्ता, त्यालाच पिंग मारा, शेवटी '-एन ५०' लावा, म्हणजे ५० वेळा जाईल. तुमच्या कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ताच दिला नाही, तेही पाहा.

तूरवाली_आर्वी
विजा कडाडत असतील तर राउटरची पिन काढून ठेवत जा, आमचा गेल्या वर्षी जळला. दारव्ह्याकडे पाऊस किती आहे? आमची तूर पिवळी पडून रायली.

सेतू_दारव्हा
केबल आहे. गेटवे १९२.१६८.१.१. ५० पाठवले, ३१ आले, १९ गेले. ३८ टक्के लॉस.

आठचार
ट्रेसर्ट मारा, साइटपर्यंतचे टप्पे दिसतात, कुठं उत्तराऐवजी तारे (*) येतात ते कळेल. दोष कंपनीचाच निघतो.

खडूफळा
मधल्या ओळीत तारे आले आणि पुढचे टप्पे नीट लागले, तर तो राउटर फक्त उत्तर देत नाही, एवढंच. इथं तर पहिल्याच टप्प्यात, कॉम्प्युटर ते राउटर, गळती आहे. कंपनीला फोन लावून काय होणार? केबल हातानं चाचपत जा, दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबून पाहा.

सेतू_दारव्हा
सापडलं! परवा पाणी आत आलं म्हणून लोखंडी कपाट सरकवलं होतं, त्याचा पाय केबलवर. केबल चपटी झाली, साल फाटून आतली केशरी तार उघडी पडली. दुसरी केबल लावली: ५० पैकी ५०, सगळे एक मिलिसेकंदाच्या आत. ८.८.८.८ पण उत्तर देतं. आजीचा अर्ज पहिले भरला, पावती निघून रायली. खडूफळा भाऊ, लय उपकार झाले.

आठचार
तरी डीएनएस बदलूनच ठेवा.

तूरवाली_आर्वी
तुरीचं कोणी सांगेल का? खालची पानं आधी पिवळी झाली, वावरात दोन दिवस पाणी साचलं होतं.